नाव आणि ओळख : बारवेतील सायक्लॉप्सपासून समुद्रातील कॅलॅनसपर्यंत



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मजुरीचे दर, बोनस, कायदे आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. दिंद्रुडच्या या वसंत व्याख्यानमालेत आज आम्ही तो विषय बाजूला ठेवणार आहोत आणि पाण्यातल्या एका क्षुद्र जीवाविषयी बोलणार आहोत. हा जीव तिळाएवढाही नसतो. त्याच्या जवळजवळच्या जातींना कोणते नाव द्यावे आणि एकीपासून दुसरी ओळखावी कशी, यावर शास्त्रज्ञांनी अडीचशे वर्षे डोके शिणवले आहे. तो घोटाळा अजून पुरता सुटलेला नाही.

हा विषय आमच्याकडे कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली आणि जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांत, पाळी सुटल्यानंतरच्या वेळात. परंतु गेली कित्येक वर्षे आमचे काम मुख्यतः नावांशीच आहे. हजेरीपटावर नाव आहे की नाही, असले तर ते कोणत्या हुद्द्याखाली आहे, आधार कार्डावरील नाव आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील नाव जुळते की नाही, यावर माणसाचे आयुष्यभराचे पैसे अडतात. त्यामुळे शास्त्रज्ञांनाही नावांचा असाच त्रास होतो असे वाचनात आले, तेव्हा आम्ही कान टवकारले. पुढे पाहिले तर त्यातला एक धागा थेट आपल्या मराठवाड्याच्या बारवेपर्यंत येऊन पोचलेला दिसला.

येथे जी वडीलधारी मंडळी बसली आहेत त्यांना नारू म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. तरुणांनी मात्र तो पाहिलेला नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. नारू म्हणजे माणसाच्या कातडीखाली वाढणारा, दोऱ्यासारखा, हात-दीड हात लांबीचा कृमी. तो बहुधा पायाला फोड आणून बाहेर निघे. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे, आणि नेमका पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत घरातला कर्ता हात बसून राही.

तो येई कोठून? आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी आहेत, बारवा आहेत. माणसे पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरीत. ज्याच्या पायाला नारूचा फोड असे, त्याच्या फोडातून हजारो सूक्ष्म पिल्ले पाण्यात सुटत. पण ही पिल्ले माणसाने थेट प्यायली तरी काही होत नसे. मध्ये एक दलाल लागे. पाण्यातला एक बारीक कवचधारी जीव ती पिल्ले खाई, त्याच्या पोटात ती सुमारे दोन आठवड्यांत तयार होत, आणि तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की साधारण वर्षाने नारू बाहेर पडे. या दलालाचे नाव आरोग्याच्या पुस्तकांत आणि भिंतीवरील फलकांत ‘सायक्लॉप्स’ असे छापले जाई.

आता नावांची गंमत पाहा. लिनियसने १७५८ साली प्राण्यांची मोठी नोंदवही केली, तेव्हा नारूला ‘गॉर्डियस’ या वर्गात घातले. गॉर्डियस हा पाण्यात आढळणारा, घोड्याच्या केसासारखा कृमी. तो किड्यांच्या अंगातून बाहेर पडतो. दिसायला दोघेही दोऱ्यासारखे, पण कुळ निराळे. पुढे १८५० नंतरच्या दशकात मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर होते. ते सूक्ष्मदर्शकाचे मोठे अभ्यासक होते. मुंबई बेटावरील तळ्यांत त्यांना मोकळे राहणारे बारीक कृमी दिसले. नारूची पिल्ले आणि हे कृमी यांत त्यांना इतके साम्य वाटले की, हेच कातडीतून शिरून नारू होतात असा त्यांनी तर्क केला. तर्क बुद्धिमान होता, निरीक्षण कष्टाचे होते, पण ओळख चुकली होती. तळ्यातले ते कृमी निरपराध होते. खरा दलाल त्याच पाण्यात त्यांच्या शेजारी पोहत होता.

तो सापडला १८७० च्या सुमारास, तुर्कस्तानच्या मुलखात. आलेक्सेई फेडचेंको या रशियन संशोधकाला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडोल्फ लॉयकार्ट यांनी सुचवले होते की, माशातील एका कृमीची पिल्ले सायक्लॉप्समध्ये वाढतात, तर नारूचीही तशीच वाढतात का ते पाहावे. फेडचेंकोने पाहिले आणि ते खरे निघाले. एका देशातल्या माशाच्या अभ्यासातून दुसऱ्या देशातल्या माणसाच्या दुखण्याची उकल व्हावी, हे शास्त्राचे वैभव आहे.

पण सायक्लॉप्स म्हणजे तरी कोण? ग्रीक पुराणात कपाळावर एकच डोळा असलेला राक्षस आहे, त्याचे हे नाव. ओ. एफ. म्युलर या डॅनिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते या एकाक्ष जीवाला दिले. हा जीव कोपेपॉड नावाच्या मोठ्या गटातला. कोपेपॉड म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेला. या गटात आजवर तेरा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य समुद्रात आहेत आणि सुमारे २ हजार ८०० गोड्या पाण्यात. अंड्यातून निघालेले पिल्लू मोठ्या जीवासारखे मुळीच दिसत नाही. कात टाकीत टाकीत सहा अवस्था एका रूपात, मग पाच अवस्था दुसऱ्या रूपात, आणि मग तो प्रौढ होतो. खुद्द म्युलरने ही पिल्ले म्हणजे निराळेच प्राणी समजून त्यांना ‘नॉप्लियस’ असे स्वतंत्र नाव दिले होते. पोराला बापाच्या घरातून काढून परके आडनाव लावावे, तसा हा प्रकार झाला. आज ते नाव जातीचे राहिले नाही, पिल्लाच्या अवस्थेचे म्हणून मात्र टिकले आहे.

यापुढे जे घडले ते आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १८५७ साली कार्ल क्लाउस या जर्मन शास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील एका जातीला लॉयकार्ट यांच्या सन्मानार्थ ‘लॉयकार्टी’ हे नाव दिले. पुढे सायक्लॉप्स या एका नावाची वाटणी झाली. ‘मेसोसायक्लॉप्स’, ‘थर्मोसायक्लॉप्स’ अशी नवी घराणी निराळी काढण्यात आली. नारूचे दलाल मुख्यतः या दोन घराण्यांतले आहेत, आणि लॉयकार्टी मेसोसायक्लॉप्समध्ये गेली. मग आफ्रिका, हिंदुस्थान, आग्नेय आशिया, जेथे जेथे कोणी विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी गाळून पाहिले आणि तसा जीव सापडला, तेथे तेथे ‘मेसोसायक्लॉप्स लॉयकार्टी’ अशी नोंद होत गेली. एक जात जगभर पसरली आहे, असे पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले.

१९८१ साली फ्रीडरिश कीफर यांनी ठिकठिकाणचे नमुने पुन्हा तपासले आणि हा सारा डोलारा खाली आणला. खरी लॉयकार्टी ही युरोप आणि आशियाचा उत्तर भाग यांतली रहिवासी. उष्ण मुलखातल्या नोंदी दुसऱ्याच अनेक जातींच्या होत्या. आपल्याकडे आढळणाऱ्या ‘अ‍ॅस्पेरिकॉर्निस’, ‘थर्मोसायक्लोपॉइडिस’ या जाती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नावारूपाला आल्या होत्या, तरी पुष्कळ काळ त्यांचा हिशेब लॉयकार्टीच्या खात्यावर मांडला गेला. म्हणजे जुन्या निबंधात ‘लॉयकार्टी अमुक तापमानाला वाढते, इतकी अंडी घालते, नारू वाहते’ असे लिहिले असेल, तर ते नेमके कोणाविषयी लिहिले आहे, हे आज नमुना जपून ठेवला असला तरच कळते. नमुना फेकून दिला असेल तर ती मेहनत वाया गेली. निरीक्षण खरे, आकडे खरे, पण पत्ता चुकीचा.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, कीफरसाहेबांनी पायांवरचे काटे मोजले नसते तरी नारू गेलाच असता. हे खरे आहे. १९८३-८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते, आणि महाराष्ट्र त्या सातांपैकी एक होता. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून रहाट बसवले, हातपंप घातले, पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकले, आणि घराघरांत पाणी कापडातून गाळून पिण्याचा आग्रह धरला. बारीक विणीचे दुहेरी फडके कोणत्याही जातीचा सायक्लॉप्स अडवते. फडक्याला जात विचारावी लागत नाही. घागरीच्या तोंडाला रोज फडके बांधणाऱ्या बायाबापड्या आणि गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी यांनी हा कृमी देशातून घालवला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

तेव्हा बारीक नावाविना जगाचे अडत नाही काय? आमचे उत्तर असे की, नाव किती बारीक हवे हे कामावरून ठरते. पाणी गाळायचे असेल तर ‘सायक्लॉप्स’ एवढे गोळा नाव पुरे आहे. धोका निराळ्याच ठिकाणी आहे. हे नाव गोळा आहे, त्याच्या पोटात अनेक आहेत, याचा विसर पडला की मग नुकसान होते. कारण काम बदलते, आणि नाव मात्र तेच राहते.

उदाहरण घ्या. व्हिएतनाममध्ये याच मेसोसायक्लॉप्स घराण्यातील जाती लोकांनी आपल्या पाण्याच्या टाक्यांत मुद्दाम सोडल्या. कशासाठी? डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि हे जीव त्याच्या नुकत्या बाहेर आलेल्या अळ्या खातात. व्हू सिन्ह नाम आणि ब्रायन के यांचा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या ३७ कम्यूनमध्ये हे काम झाले त्यांतील ३२ मधून तो डास नाहीसा झाला होता. म्हणजे ज्या घराण्याला आपण नारूचा दलाल म्हणून ओळखतो, तेच तेथे पाण्याचा पहारेकरी झाले. पण सगळेच सायक्लॉप्स डासांच्या अळ्या खात नाहीत. काही लहान जातींना ते जमतच नाही. येथे ‘कोणताही सायक्लॉप्स आणून टाका’ असे म्हणून चालणार नाही. कोणती जात, कोठली, किती मोठी, हे पाहावे लागते. शिवाय नारूचा वावर असलेल्या मुलखात हा उपाय करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागेल.

आता विहिरीतून समुद्राकडे जाऊ. समुद्रातले कोपेपॉड हे सागराचे दाणावैरण आहे. अतिसूक्ष्म वनस्पती हे खातात आणि यांना मासे खातात. आपल्या कोकण किनाऱ्यावरील बांगडा, तारली यांच्याही खाण्यात कोपेपॉड असतात. अटलांटिकच्या उत्तरेला ‘कॅलॅनस’ नावाचे घराणे आहे. १७७० साली नॉर्वेतील गुन्नेरुस नावाच्या बिशपने त्यातील एका जातीचे वर्णन केले, ती ‘फिनमार्किकस’. १८६३ साली, वर उल्लेख आलेल्या क्लाउस यांनीच दुसरी सांगितली, ती ‘हेल्गोलँडिकस’. दोघी इतक्या सारख्या की, पुष्कळ वर्षे अनेक अभ्यासक त्या एकच मानून मोजीत. फरक पाहायचा तर पाचव्या पायाच्या आतल्या कडेवरील दातांची ओळ सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. एकीत ती ओळ सरळसर, दुसरीत वाकलेली.

या वाकड्या ओळीचे महत्त्व काय? फिनमार्किकस ही थंड पाण्याची, आणि तिचा भर वसंतात. हेल्गोलँडिकसला ऊबदार पाणी मानवते, आणि उत्तर समुद्रात तिचा भर शरदाकडे. कॉड माशाची पिल्ले वसंतात भुकेली असतात. समुद्र तापू लागला तसतशी पहिली उत्तरेकडे सरकली आणि तिच्या जागी दुसरी येत गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कॉडची पिल्ले कमी जगण्याशी या बदलाचा संबंध दाखवण्यात आला. दोघींना ‘कॅलॅनस’ म्हणून एकत्र मोजणाऱ्याच्या वहीत हा पालट दिसला नसता. तो म्हणाला असता, कोठारात धान्य आहे. पण धान्य पेरणीच्या वेळी आहे की काढणी झाल्यावर, हे त्याच्या वहीत लिहिलेलेच नसते.

याहून कठीण प्रकरण तिसऱ्या बहिणीचे, ‘ग्लेशियालिस’चे. तिला १९५५ साली याश्नॉव या रशियन शास्त्रज्ञाने निराळे नाव दिले. तिला फिनमार्किकसपासून वेगळी काढण्यासाठी अंगाची लांबी मोजण्याची रीत पडली. मोठी ती ग्लेशियालिस, लहान ती फिनमार्किकस. पुढे मिशांच्या लाल रंगावरून ओळखता येईल असेही सुचवण्यात आले. २०१७ आणि २०१८ साली नॉर्वेतील संशोधकांनी डी.एन.ए. तपासून पाहिले, तेव्हा लांबी दोघींचीही एकमेकींत मिसळते आणि लाल रंगही भरवशाचा नाही, असे दिसून आले. ग्लेशियालिस तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हती अशा दक्षिणेकडील खाड्यांतही सापडली. तेथे ती आधीपासून असेल, पण वहीत दुसऱ्याच नावाने.

उलट दिशेची चूकही होऊ शकते, हे सांगितले नाही तर एकांगीपणा होईल. आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या संख्येने सापडू लागला. हा माणसाचाच नारू की कुत्र्यांचा निराळा, असा प्रश्न पडला. निराळा म्हटले असते तर माणसांतील काम संपत आले असे जाहीर करून मोकळे होता आले असते. पण तपासणीत दोन्ही एकच ठरले. म्हणून आता तेथे कुत्र्यांवरही लक्ष ठेवावे लागते. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख माणसांना होणारा हा रोग २०२४ साली केवळ १५ माणसांत आढळला, तरी तो संपला असे म्हणता येत नाही, त्याचे हे एक कारण. अनेकांना एक म्हणणे ही जशी चूक, तशीच सोयीसाठी एकाला दोन म्हणणे हीही चूक.

हे ओळखण्याचे काम करतो कोण? १९६० च्या आसपास जगातील अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. ती १९६५ पर्यंत चालली. जहाजांनी जाळ्यांत धरलेले सूक्ष्म जीव बाटल्यांत भरून कोचीनला आणले जात. तेथे १९६२ साली त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभारले गेले, आणि त्याच उपक्रमातून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे आज गोव्यात आहे. या बाटल्या उघडून, दुर्बिणीसारखी मान वाकवून, चिमट्याने एकेक जीव वेगळा करीत बसणारे जे कर्मचारी होते, त्यांच्या डोळ्यांवर आणि पाठीवर हे शास्त्र उभे आहे. नवी जात सांगणाऱ्याचे नाव त्या जातीच्या मागे कायमचे लागते. ती बाटलीतून वेगळी काढणाऱ्याचे बहुधा कोठेच लागत नाही. आज डी.एन.ए.ची यंत्रे आली आहेत, आणि ती यावीतच. पण यंत्राने दिलेली अक्षरे कोणत्या जातीशी जुळवायची, यासाठी आधी कोणीतरी नमुना नीट ओळखून जपलेला असावा लागतो. तो माणूस नेमायचाच नाही, आणि अचूक नोंदी मात्र मागायच्या, हा व्यवहार आम्हांला कारखान्यांतून चांगला परिचित आहे.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरची गोष्ट. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबात मोजणी कशाने होते? कोयत्याने. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, टनाचा दर कोयत्यावर. किती गाड्या, किती जोड्या आणि किती उचल द्यायची, एवढ्या कामापुरते ते गोळा नाव पुरते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण फडात बाईच्या हाताला कोयता लागला, बाळंतपणासाठी सुटी हवी झाली, गर्भारपणात मोळी उचलून अपाय झाला, नवरा वारला किंवा सोडून गेला, म्हणजे तोच शब्द तिला गिळून बसतो. काम बदलले, नाव तेच राहिले. अर्धा कोयता कोठे नोंदवायचा? पावती नवऱ्याच्या अंगठ्याची, सही नवऱ्याची. ती वीस वर्षे ऊस तोडते आणि कागदावर एक दिवसही मजूर नसते.

एका कारखान्यात आम्ही पाहिले, यंत्रावर कुशल काम करणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षे ‘हेल्पर’ या एका नावाखाली ठेवले होते. दरपत्रक आले तेव्हा त्यांनी कुशल दर मागितला. उत्तर मिळाले की, आमच्या नोंदीत येथे कुशल कामगार नाहीतच. नोंद पाहणाऱ्याला ते खरेच वाटले असते. लॉयकार्टीची नोंद वाचणाऱ्यालाही असेच वाटत होते.

माणूस आणि पाण्यातला किडा यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. कोपेपॉडला आपले नाव चुकले याचे सुखदुःख नसते. माणसाला असते, आणि तो ते बोलून दाखवू शकतो. म्हणून तर कीफरला जे काटे मोजून सिद्ध करावे लागले, ते आपल्याला त्या बाईला विचारून कळू शकते. न विचारणे हा शास्त्राचा दोष नव्हे, तो आपला दोष आहे.

तेव्हा दोन सूचना करून आम्ही आपली रजा घेतो. पहिली शिक्षकमंडळींना. येथून जवळच सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे, गावोगाव विहिरी आहेत, आणि बारवाही अजून शाबूत आहेत. पावसाळा ओसरल्यावर एका काचेच्या बरणीत ते पाणी घ्या, उजेडापुढे धरा. पांढऱ्या ठिपक्यांसारखे काही झटके देत पोहताना दिसेल. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना ते दाखवा. शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या आहेत की एक, मिशा आखूड आहेत की लांब, हे त्यांना वहीत लिहू द्या. जातीचे नाव सांगता आले नाही तरी चालेल. ‘माहीत नाही’ असे लिहिलेली वही चुकीचे नाव लिहिलेल्या वहीपेक्षा उपयोगाची असते. मात्र तारीख आणि विहिरीचे ठिकाण लिहायला विसरू नका.

दुसरी सूचना टोळीच्या कारभाऱ्यांना. यंदा मुकादमाबरोबर करार कराल तेव्हा कोयत्याच्या ओळीपुढे दोन नावे लिहून घ्या. बाईचे पूर्ण नाव, तिचे वय आणि तिची सही किंवा अंगठा. कागदाला चार ओळी जास्त लागतील. ‘असे लिहिण्याची पद्धत नाही’ असे मुकादम म्हणेल. त्याला सांगा, आजवर पद्धत नव्हती, यंदापासून आहे.